अनपेक्षित भाव आणि ग्राहकाचे मन

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्राहकांच्या हक्कांविषयी आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. वजनमापे, भेसळ, वेष्टनावरील मजकूर, तक्रार नोंदविण्याची रीत इत्यादी विषयांवर आपल्यापैकी अनेकांनी स्वतःही व्याख्याने दिली असतील. आज मी या प्रश्नाकडे थोड्या निराळ्या बाजूने वळणार आहे. एखाद्या वस्तूचा भाव अपेक्षेहून वेगळा निघाला, म्हणजे ग्राहकाच्या मनात काय घडते? तो कधी रागावतो, कधी मुकाट्याने पैसे देतो, आणि कधी स्वस्त मिळणारी वस्तू टाकून महागाची का उचलतो? वरवर पाहता हा मानसशास्त्रज्ञांचा विषय वाटेल. परंतु दुकानांवर देखरेख करणारा अधिकारी, पाणीपट्टी ठरविणारी ग्रामपंचायत आणि मुलांना हिशेब शिकविणारा शिक्षक या तिघांचाही त्याच्याशी रोजचा संबंध आहे.

या विषयातील मुख्य गोष्ट आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखली आहे. शिधापत्रिकेवर धान्य देणाऱ्या दुकानाला आपण ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणतो, तसेच ‘रास्त भाव दुकान’ असेही म्हणतो. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. स्वस्त आणि महाग हा पैशाचा हिशेब झाला. रास्त आणि गैररास्त हा न्यायाचा हिशेब झाला. ग्राहक हे दोन्ही हिशेब एकाच वेळी मांडीत असतो. भाव चढला म्हणजे तो चिंतेत पडतो. परंतु कारण न सांगता, किंवा आपली अडचण पाहून भाव चढविला आहे असे त्याला वाटले, म्हणजे त्याचा विश्वास उडतो. पाऊसपाणी, वाहतूक आणि जगाचा बाजार यांमुळे होणारी भाववाढ आपण प्रत्येक वेळी थोपवू शकणार नाही. विश्वास उडणे मात्र पुष्कळ अंशी टाळता येते, आणि ते टाळण्याचे साधन आपल्या हाती आहे. एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मनातील भाव

ग्राहक बाजारास निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत पैसे असतात, तसेच त्याच्या मनात काही भाव असतात. मागील खेपेस तूरडाळीला काय दिले, शेजारणीने तेलाचा डबा केवढ्यास आणला, पलीकडच्या दुकानातील फलकावर साखरेचा कोणता भाव लिहिला होता, यांची एक अलिखित यादी तो बरोबर नेतो. अर्थशास्त्रज्ञ या मनातील भावाला संदर्भ-किंमत म्हणतात. दुकानदाराने सांगितलेला भाव या यादीशी ताडून पाहिला जातो आणि त्यानंतरच तो महाग किंवा स्वस्त ठरतो. म्हणून ‘महाग’ असे कोणी म्हणाले, की ‘कशाच्या मानाने?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

ही तुलना मन कसे करते, याविषयी दीडशे वर्षांहून अधिक काळ विचार चालू आहे. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने माणसांच्या हाती वजने देऊन असे दाखविले की, दोन वजनांतील फरक जाणवतो तो प्रमाणाने. हलक्या वजनात थोडी भर घातली तरी हाताला ती कळते. जड वजनात तेवढीच भर घातली तर कळत नाही. गुस्टाव्ह फेखनर यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराला गणिती रूप दिले. भावाच्या बाबतीतही बऱ्याच अंशी असेच घडते. मिठाच्या पुड्यावर पाच रुपये वाढले तर घरोघर चर्चा होते. सायकलीवर पाच रुपये वाढले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अमोस ट्व्हर्स्की आणि डॅनिएल कानेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी लोकांना विचारले की, तुम्ही १२५ डॉलरचे जाकीट आणि १५ डॉलरचे गणकयंत्र घेत आहात; वीस मिनिटांच्या अंतरावरील दुसऱ्या शाखेत तेच गणकयंत्र १० डॉलरला मिळते; तर तुम्ही तेथे जाल काय? ६८ टक्के लोकांनी ‘जाऊ’ असे उत्तर दिले. दुसऱ्या गटाला विचारताना किमतींची अदलाबदल केली. जाकीट १५ डॉलरचे झाले, गणकयंत्र १२५ डॉलरचे झाले आणि दुसऱ्या शाखेत ते १२० डॉलरला मिळत होते. या वेळी जाण्यास तयार झालेले लोक केवळ २९ टक्के होते. वाचणारे पैसे तेच, अंतरही तेच. बदलले ते केवळ प्रमाण.

आपल्याकडील अनुभव याहून वेगळा नाही. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा शेतकरी पाण्याच्या पंपाच्या बिलात ‘इतर खर्च’ म्हणून लावलेले पाचशे रुपये निमूटपणे देतो. मोठ्या रकमेच्या सावलीत लहान रक्कम दिसेनाशी होते. वास्तविक पाहता ते पाचशे रुपये म्हणजे वर्षभराची भाजीतील घासाघीस होय.

तोट्याचे वजन अधिक

कानेमान आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली आणखी एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला होता. त्याचे सार असे की, माणसाला लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याने होणारे दुःख अधिक तीव्र असते. या प्रकारच्या संशोधनासाठी कानेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्व्हर्स्की १९९६ सालीच निवर्तले होते.

बाजारात या सिद्धान्ताचा प्रत्यय पदोपदी येतो. मनातील भावाहून दहा रुपये जास्त द्यावे लागले तर तो तोटा वाटतो, दहा रुपये कमी लागले तर लाभ वाटतो. परंतु पहिल्याची आठवण महिनोन्‌महिने राहते आणि दुसऱ्याची आठवडाभरात पुसली जाते. कांद्याचे उदाहरण घ्या. १९९८ साली कांद्याचे भाव भडकले आणि दिल्लीच्या निवडणुकीत कांदा हा प्रचाराचा विषय झाला. ते वर्ष आजही लोकांच्या बोलण्यात येते. उलट, लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळून उत्पादकाचा वाहतूकखर्चही निघाला नाही अशी किती वर्षे शहरातील ग्राहकाला आठवतात? तो दोष ग्राहकाचा नव्हे, मनाची घडणच तशी आहे. परंतु भाव पडला की उत्पादकाचे आणि चढला की ग्राहकाचे मन दुखावते, हे ध्यानी घेतल्यावाचून शेतमालाच्या भावाची चर्चा पुरी होत नाही.

चतुर व्यापाऱ्यांना ही मनोवृत्ती ठाऊक असते. ‘उधारीवर पाच टक्के जादा’ अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक नाराज होते. तीच रक्कम मूळ भावात मिळवून ‘रोखीने घेणारास सूट’ असे लिहिले तर गिऱ्हाईक खूश होते. काही उत्पादक याहून पुढे जातात. पुड्याची किंमत पाच किंवा दहा रुपये कायम ठेवतात आणि आतील वजन हळूहळू घटवितात. ग्राहकाच्या मनातील यादीत किंमत असते, ग्रॅम नसतात. त्यामुळे त्याला भाववाढ झाल्याचे कळत नाही. ज्या दिवशी कळते त्या दिवशी मात्र त्याचा राग दुप्पट होतो, कारण भाव वाढला आणि तो आपल्यापासून लपविला, अशा दोन गोष्टी त्याला एकदम समजतात.

बर्फातील फावडे आणि साथीतील मुखपट्टी

आता न्यायाच्या हिशेबाकडे वळू. कानेमान, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडातील टोरांटो व व्हँकूवर या शहरांत दूरध्वनीवरून लोकांना प्रश्न विचारले आणि १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील एक प्रश्न असा होता : एका दुकानात बर्फ उपसण्याची फावडी १५ डॉलरला विकली जात होती. मोठे हिमवादळ झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने किंमत २० डॉलर केली. हे रास्त आहे काय? ८२ टक्के लोकांनी हे अन्यायाचे आहे असे सांगितले.

दुसरा प्रश्न असा होता : वाहतुकीतील घोटाळ्यामुळे सॅलडच्या पाल्याचा तुटवडा पडला आणि किराणा दुकानदाराला एका गड्ड्यामागे ३० सेंट जादा द्यावे लागले; त्यानेही तेवढेच ३० सेंट वाढविले. हे ७९ टक्के लोकांना मान्य होते. तिसऱ्या प्रश्नातील दुकानदाराकडे शेंगदाण्याच्या लोण्याचा काही महिन्यांचा साठा पडून होता. घाऊक भाव वाढल्याचे ऐकताच त्याने त्या जुन्या साठ्याचीही किंमत चढविली. हे ७९ टक्के लोकांना अन्यायाचे वाटले.

या तीन उत्तरांत ग्राहकाची न्यायबुद्धी स्पष्ट दिसते. दुकानदाराचा खर्च खरोखर वाढला असेल तर ग्राहक त्याचा भार उचलण्यास तयार असतो. ‘काकू, मालच वरून वाढून आलाय,’ एवढे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाईक सहसा रुसत नाही. परंतु खर्च न वाढता केवळ गरज वाढली म्हणून भाव चढविला, किंवा जुन्या भावाचा माल नव्या भावाने विकला, तर ते त्याला सहन होत नाही. मागणी वाढली की भाव वाढतो हा अर्थशास्त्राचा नियम पाठ्यपुस्तकात बरोबर आहे, परंतु ग्राहकाच्या न्यायालयात तो पुरावा म्हणून चालत नाही. १९९९ साली कोका-कोला कंपनीचे तत्कालीन प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी, उन्हाळ्यात तहान अधिक असते तेव्हा यंत्रातील शीतपेयाची किंमत आपोआप वाढणे योग्यच ठरेल, अशा आशयाचे उद्गार एका मुलाखतीत काढले. त्यावर एवढी टीका झाली की, तसा काही बेत नसल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले.

बर्फातील ते फावडे आपल्याला परके वाटेल. परंतु २०२० सालच्या मार्च महिन्यात आपण सर्वांनी तेच दृश्य पाहिले. कोरोनाची साथ आली आणि मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचा द्रव यांचे भाव एकाएकी चढले. केंद्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी या दोन्ही वस्तू अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणल्या आणि २१ मार्चला कमाल किमती ठरवून दिल्या : दोन पदरी मुखपट्टीस ८ रुपये, तीन पदरी मुखपट्टीस १० रुपये आणि द्रवाच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीस १०० रुपये. या आदेशाची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याने एक महत्त्वाचे काम केले. रास्त भाव कोणता याचा आकडा ग्राहकाच्या हाती आला. तोवर त्याच्याजवळ केवळ संताप होता. आता त्या संतापाला आधार मिळाला आणि तक्रार करण्यास जागा मिळाली.

भाव फार उतरला तर?

अनपेक्षित भाव म्हणजे चढाच भाव असे नाही. अपेक्षेहून फार कमी भावही मनाला गोंधळात टाकतो. आंद्रे गेबर आणि क्लाइव्ह ग्रेंजर या ब्रिटनमधील संशोधकांनी १९६६ साली असे दाखविले की, ग्राहकाच्या मनात किमतीच्या दोन मर्यादा असतात. वरच्या मर्यादेपलीकडे वस्तू परवडत नाही; खालच्या मर्यादेखाली गेली तर तिच्या गुणाविषयी शंका येते. ‘एवढे स्वस्त कसे देता?’ असे विचारून गिऱ्हाईक वस्तू उलटीसुलटी करून पाहते, ती याच शंकेमुळे.

ही शंका काही वेळा योग्यच असते. निनावी पिशवीतील बियाणे बाजारभावाच्या निम्म्याने मिळू लागले तर शेतकऱ्याने सावध झालेच पाहिजे. परंतु हीच शंका पुष्कळदा घातही करते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८२ व्यक्तींना वेदनाशामक म्हणून एकच गोळी देण्यात आली. त्या गोळीत वास्तविक औषध काहीच नव्हते. निम्म्या लोकांना तिची किंमत अडीच डॉलर असल्याचे सांगितले, उरलेल्यांना ती उतरवून दहा सेंट केल्याचे सांगितले. पहिल्या गटातील ८५ टक्क्यांहून अधिक लोकांना वेदना कमी झाल्यासारखे वाटले; दुसऱ्या गटातील हे प्रमाण ६१ टक्के होते. किंमत ऐकूनच मनाने गुण ठरविला होता.

याच २००८ साली आपल्या देशात मूळ नावाची औषधे अल्प किमतीत देणारी जनऔषधी योजना सुरू झाली. या औषधांविषयी ‘स्वस्त आहे म्हणजे गुण येणार नाही’ असा ग्रह आजही पुष्कळांच्या मनात आढळतो, आणि महिन्याच्या औषधांनी ज्याचे कंबरडे मोडले आहे असा रुग्णही ती घेण्यास कचरतो. येथे नुसते ‘स्वस्त आहे, घ्या’ असे सांगून भागत नाही. स्वस्त का आहे, हे सांगावे लागते. मोठ्या नावाचा व जाहिरातीचा खर्च यात नाही, औषधी द्रव्य तेच आहे, हे कारण आरोग्यसेविकेने किंवा शिक्षकाने समजावून दिले, तर कमी भाव हा शंकेचा विषय न राहता लाभाचा होतो. तात्पर्य, भाव चढो वा उतरो, त्याचे कारण कळणे हीच ग्राहकाच्या मनाची पहिली गरज होय.

पहिला आकडा

सूट देणाऱ्या जाहिरातींचा विचार याच संदर्भात केला पाहिजे. ट्व्हर्स्की आणि कानेमान यांच्या १९७४ सालच्या लेखात एका चक्राचा प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरविले जाई. ते १० किंवा ६५ या आकड्यावरच थांबेल अशी व्यवस्था होती. त्यानंतर, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती, असा त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला प्रश्न विचारला जाई. ज्यांनी १० पाहिले त्यांची मधली उत्तरे २५ टक्क्यांच्या, तर ज्यांनी ६५ पाहिले त्यांची ४५ टक्क्यांच्या आसपास आली. प्रथम दिसलेला आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचा विचार त्या खुंटीभोवती फिरतो.

आठवडी बाजारातील विक्रेता पहिला भाव चढा सांगतो, त्याचे कारण हेच. दुकानाच्या काचेवर ‘१,२०० रुपये’ हा आकडा खोडून ‘६९९ रुपये’ लिहिलेले असते, तेही याचसाठी. ती साडी त्या दुकानात कधी १,२०० रुपयांस विकली गेली होती काय, हे कोणी विचारीत नाही. ज्या वस्तूचा भाव ग्राहकाच्या मनातील यादीत नसतो, तेथे ही खुंटी अधिक खोल रुतते. वर्षानुवर्षे घेतलेल्या ज्वारीच्या भावात कोणी आपल्याला फसवू शकत नाही; आयुष्यात एकदा घ्यावयाच्या वस्तूत सहज फसवू शकतो.

लाज आणि मौन

अनपेक्षित भाव कानी पडताच सर्वच ग्राहक रागावतात, असे समजू नये. कित्येकजण गप्प राहतात, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने हाच सर्वांत चिंतेचा भाग आहे. दुकानात चारचौघे उभे असतात. वस्तू बांधून झालेली असते. अशा वेळी ‘एवढे पैसे नाहीत’ असे म्हणणे गरीब माणसाला जड जाते. तो रक्कम देतो, आणि घरी परतताना मुलाची वही किंवा आईची औषधाची गोळी त्या दिवसापुरती रद्द करतो. या तोट्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तक्रारी आल्या नाहीत म्हणून सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हे मौन एकट्याने मोडणे कठीण असते. दहाजण एकत्र आले की सोपे होते. १९७२ साली, दुष्काळ आणि महागाई यांनी लोक गांजले असता, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इत्यादींच्या नेतृत्वाखाली गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घराच्या उंबरठ्याआड एकेकटीने सोसलेली गोष्ट प्रथमच सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडली गेली. त्यानंतर १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट धरली. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करावा, महिन्याचा माल एकत्र खरेदी करावा आणि वाटून घ्यावा, अशी ती पद्धत होय. तीत भाव सर्वांना एकच असतो आणि आधी ठाऊक असतो. अनपेक्षित भावाला तेथे जागाच उरत नाही.

छापील किंमत : उपयोग आणि मर्यादा

भाव आधी कळावा या दृष्टीने कायद्याने केलेली तरतूदही पाहू. आवेष्टित वस्तूंसंबंधीचे नियम १९७७ साली आले आणि वेष्टनावर किंमत छापणे आवश्यक झाले. तरीही ‘स्थानिक कर वेगळे’ अशा शब्दांमुळे ग्राहकाला छापलेल्याहून जास्त रक्कम द्यावी लागे, आणि हे ‘वेगळे’ म्हणजे किती, ते दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागे. १९९० सालच्या दुरुस्तीने सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. पुढे वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील २०११ चे नियम आले. २०२१ सालच्या दुरुस्तीने वेष्टनावर दर ग्रॅमचा, किलोचा किंवा मिलिलिटरचा भाव देण्याची तरतूद झाली. वजन घटवून किंमत कायम ठेवण्याच्या युक्तीवर हा चांगला उतारा आहे. मात्र तो आकडा वाचण्याची सवय ग्राहकाला लागली पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. तोच रास्त भाव असे कायदा म्हणत नाही. त्याहून अधिक घेणे गुन्हा आहे, कमी घेण्यास पूर्ण मुभा आहे. परंतु मघाशी सांगितलेल्या खुंटीप्रमाणे छापील आकडाच मनात रुततो, आणि फुगवून छापलेल्या किमतीवर मिळालेली सूट ग्राहकाला लाभ वाटते. म्हणून छापील किंमत पाहून थांबू नये, दोन दुकानांतील भाव ताडून पाहावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता यांबरोबर किमतीची माहिती मिळणे हाही ग्राहकाचा हक्क असल्याचे त्यात नमूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढे ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर लिहिण्यास फारसा खर्च येत नाही.

आपणही भाव ठरवितो

आतापर्यंत आपण दुकानदाराविषयी बोललो. परंतु या सभागृहातील अनेकजण स्वतःही भाव ठरवीत असतात. पाणीपट्टी, घरपट्टी, बाजारातील जागेचे भाडे, दाखल्याची फी हे सर्व भावच आहेत, आणि ते देणारा माणूस तोच आहे, ज्याचे मन आपण आज समजून घेत आहोत. त्याच्या दृष्टीने ग्रामपंचायत आणि दुकान यांना निरनिराळे न्याय नाहीत.

पाणीपट्टी वाढविल्यावर वसुली घटली, असे काही ठिकाणी घडते. लोक पैसे देऊ शकत नाहीत, एवढेच त्याचे कारण नसते. पावती हाती पडेपर्यंत वाढ झाल्याचे त्यांना ठाऊकच नसते. ज्याला कारण सांगितले नाही तो स्वतःच कारण शोधतो, आणि त्याला सापडलेले कारण आपल्याला मानवणारे नसते. वसुली थकते, मग पंपाचे वीजबिल थकते, आणि शेवटी घागर घेऊन लांब चालावे लागते ते त्याच घरातील स्त्रीला. अनपेक्षित आकड्याची किंमत अशा रीतीने गावालाच मोजावी लागते.

यावर उपाय अवघड नाही. वाढ लागू होण्यापूर्वी ती ग्रामसभेत मांडावी. पंपाचे मागील व चालू वर्षाचे वीजबिल, दुरुस्तीचा खर्च आणि जमा झालेली पट्टी हे आकडे फलकावर लिहावेत. शक्य तेथे एकदम मोठी वाढ न करता ती टप्प्याटप्प्याने करावी. खर्च वाढला म्हणून भाव वाढला, हे कॅनडातील ७९ टक्के लोकांना मान्य झाले. तोच न्याय आपल्या गावकऱ्यांनाही कळतो. शासकीय कार्यालयांनीही सेवेचा दर दर्शनी भागी, वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. खिडकीपाशी पोहोचल्यावर रक्कम कळणे, हा गरीब माणसाच्या वाट्याला येणारा मोठा मनस्ताप आहे, कारण त्यासाठी त्याने एका दिवसाची मजुरी बुडविलेली असते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गणिताच्या तासाला एक बाजारभावाची वही सुरू करावी. मुलांनी दर आठवड्यास डाळ, तांदूळ, तेल, साखर, कांदा अशा आठदहा वस्तूंचे भाव लिहावेत, वेष्टनावरील वजन लिहावे आणि दर किलोस काय पडले ते काढावे. शेकडेवारी, प्रमाण आणि सरासरी हे धडे त्यातून आपोआप होतील. याशिवाय प्रत्येक घरात एक विश्वासाची यादी तयार होईल. वर्षभर अशी वही ठेवणाऱ्या मुलीच्या आईला दुकानात ‘मागील आठवड्यात तर एवढा नव्हता’ असे म्हणताना संकोच वाटणार नाही. तिच्याजवळ तारखेसह आकडा असेल.

मित्रहो, बाजार हा परस्परविश्वासावर चालतो. भाव वाढू नयेत अशी इच्छा आपण सर्वच करतो. ती नेहमी पुरी होईलच असे नाही. परंतु कोणताही भाव ग्राहकाच्या कानी अकस्मात पडू नये, त्याचे कारण त्याला विचारता यावे, आणि विचारल्यास खरे उत्तर मिळावे, एवढी व्यवस्था प्रत्येक गावात करता येण्यासारखी आहे. त्यासाठी खडू, फळा आणि खरे बोलण्याची तयारी पुरेशी आहे. आपापल्या गावी परतल्यावर या कामास आपण प्रारंभ कराल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.